दुखणं थांबलं म्हणजे स्नायू सावरला असं नाही

कंबर दुखायची थांबली की व्यायाम सोडावा का, असा प्रश्न एकाने विचारलाय. माझं मत: मुळीच सोडू नका. मणक्यांना अगदी लगटून असलेला मल्टिफिडस नावाचा स्नायू खालच्या मणक्यापासून तिरका निघून दोन ते चार मणके वर, तिथल्या मणक्याच्या मागच्या टोकाला धरतो. कंबरदुखीत तो बहुधा दुखऱ्या बाजूलाच बारीक होतो आणि दुखणं गेल्यावर आपोआप भरतोच असं नाही. जुन्या दुखण्यात एमआरआयवर तिथे चरबीही दिसते.

आपल्या सोलापुरात यंत्रमागावर वाकून तुटलेले धागे जोडणाऱ्यांना तर मी पोटतिडकीने सांगते, हात-गुडघे टेकून एक हात आणि विरुद्ध बाजूचा पाय सावकाश उचला, कंबर जराही हलू न देता. पाय बधिर पडला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर मात्र व्यायाम नको, तडक डॉक्टरांकडे जा.