रोमानियन भाषेतला शुक्रवार: 'विनेरि' का 'विनेर्या'?

खानापूरकर: मंडळी, भाचा रोमानियात एका हॉटेलच्या किचनला लागलाय. मालकीणबाई मेसेज टाकल्या 'विनेर्या' सुट्टी म्हणून, ह्यो एकच शुक्रवार धरला आणि पुढच्या शुक्रवारी ॲप्रन बांधून हजर, सगळे हसायलेत. पुस्तकात तर शुक्रवार म्हणजे 'विनेरि' आहे, मग हे 'विनेर्या' काय? आणि त्यातला वार कुठं गेला?

टिळकवाडीची ताई: वार लॅटिनमध्ये होता की. 'व्हेनेरिस दिएस', व्हीनसचा दिवस, व्हीनस म्हणजे आपला शुक्रच. इटालियन 'व्हेनेर्दी'त तो दिवस 'दी' होऊन टिकलाय, रोमानियनमध्ये गळला आणि नुसतं 'शुक्राचा' एवढंच उरलं. आपण पाटीवर 'सोम ते शनि' लिहितोच की. गुरुवारचं 'झोय' पण तसंच, ज्युपिटरचं, म्हणजे आमची आजी बेस्तरवार म्हणायची तोच बृहस्पती! शनिवार-रविवार मात्र ग्रहांचे नाहीत, एक सब्बाथवरून आलाय नि दुसरा 'प्रभूचा दिवस'.

निपाणीचा पाव्हणा: इंग्रजीतलं 'द' असतंय ना, ते रोमानियनमध्ये शब्दाच्या शेपटीला चिकटतंय. वार सगळे स्त्रीलिंगी, म्हणून 'आ' लागून विनेरिचं विनेर्या. नुसतं 'विनेरि' म्हटलं की त्या एका शुक्रवारी, 'विनेर्या' म्हणजे दर शुक्रवारी. आपलं 'शुक्रवारी' दोन्हीकडं चालतंय, तिथंच घोटाळा. आमच्या गावात वार पाळणूक असली की 'मंगळवारी शेतात जायचं नाही' म्हणतात, बाहेरच्याला वाटंल एकच मंगळवार.

टिळकवाडीची ताई: पाव्हणं, दरवेळी 'दर' नाही हं. 'विनेर्या त्रेकुता' म्हणजे गेला शुक्रवार, एकच. गुड फ्रायडे पण 'विनेर्या मारे', मोठा शुक्रवार. म्हणजे पुढं विशेषण आलं की एक ठरावीक शुक्रवार, एकटंच 'विनेर्या' असलं तर दर शुक्रवारी. आणि आपल्या बेळगावच्या शनिवार खुटासारखं तिकडं वाराच्या नावाचं अख्खं शहर आहे, म्येरकुर्या चुक, बुधवारच्या बाजारावरून पडलेलं नाव.

खानापूरकर: थँक्यू ताई, भाच्याला लगेच फोन लावलो. आता म्हणतोय, सोमवार पण 'लुनि' आणि महिने पण 'लुनि', पगार सोमवारी का महिन्यांनी?

निपाणीचा पाव्हणा: 😂 मुळात दोन्ही 'लुना', चंद्रच. आपला सोम पण तोच की. शब्दाच्या आधी आकडा असला तर महिने समज म्हणावं.