मदत हवी आहे: क्यूवाय७० चे पॅटर्न पीएसआर कीबोर्डवर कसे आणू?

मंडळी, यामाहा क्यूवाय७० या छोट्या सिक्वेन्सरवर (संगीत रेकॉर्ड करून वाजवणारं यंत्र) फार जीव लावून बसवलेले माझे पॅटर्न आता यामाहाच्याच पीएसआर कीबोर्डवर स्टाइल (डाव्या हाताच्या कॉर्डप्रमाणे आपोआप वाजणारी साथ) म्हणून हवे आहेत. सी मेजर सेव्हन कॉर्ड धरून एकेक सेक्शन मिडीने (वाद्य आणि कॉम्प्युटर जोडणारी डिजिटल पद्धत) कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केला, ड्रम चॅनल १० वर, बेस ११ वर, आणि ‘मेन ए’, ‘फिल इन एए’ असे सेक्शनच्या नावांचे मार्कर टाकले. ड्रम जसेच्या तसे वाजतात, ऐकून अंगावर काटा आला! पण डाव्या हाताने सी मायनर धरला की बेस ई फ्लॅटऐवजी ईच वाजवतो, सगळं बेसूर. सीएएसएममध्ये (स्टाइल फाइलमधला, कोणता चॅनल कॉर्डप्रमाणे कसा बदलायचा ते सांगणारा भाग) बेसचं एनटीटी (कॉर्डनुसार सूर बदलण्याचा तक्ता) ‘बायपास’ दिसतंय. तेच कारण का? मग ‘बेस’ ठेवू की ‘मेलडी’? क्यूवायचे चारही कॉर्ड ट्रॅक चॅनल १२ ते १६ मध्ये कसे बसवता, तेही कृपया सांगा.