स्टोक रो येथील महाराजांची विहीर

इंग्लंडमधील खेड्यांत चर्च, पब आणि जमीनदाराचा वाडा यांपलीकडे पाहण्यासारखे काही नसते, या मताला ऑक्सफर्डशरमधील स्टोक रो हे गाव ठळक अपवाद आहे. चिल्टर्न टेकड्यांच्या चुनखडीत पाणी झिरपून फार खोल जात असल्याने या गावाला पिढ्यान्‌पिढ्या पाण्याची ददात होती. याच परिसरातले एडवर्ड रीड ब्रिटिश भारतातल्या वायव्य प्रांतात (साधारण आजचा उत्तर प्रदेश) अधिकारी असताना त्यांनी ही व्यथा काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांच्या कानावर घातली होती. ती लक्षात ठेवून महाराजांनी स्वखर्चाने येथे विहीर बांधून दिली आणि 1864 मध्ये ती गावासाठी खुली झाली. जेमतेम 4 फूट रुंदीची, पण 368 फूट खोल असलेली ही विहीर मजुरांनी हातांनी खणली. खोलीपुरतेच बोलायचे तर तीत कुतुबमिनार सहज बुडेल. वर घुमटाकार छत्री असून रहाटाच्या यंत्रावर सोनेरी हत्ती उभा आहे. विहिरीच्या देखभालीचा खर्च निघावा म्हणून शेजारी चेरीची बागही लावली होती, आणि तिचे नाव चक्क ‘ईश्वरी बाग’! विसाव्या शतकात नळ आल्यावर विहिरीचा वापर थांबला. वसाहतीतल्या राजाने सत्ताधाऱ्यांच्या देशात धर्मादाय करावा, हा उलटा प्रवाह मला चर्च-वाड्यांपेक्षा अधिक अभ्यसनीय वाटतो.