खाते आहे, आधार आहे, तरी आईचे पैसे गेले कुठे?

प्रश्न (धारूर, जि. बीड):
माझे आईवडील दरवर्षी कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. आईचे जनधन खाते जुने आहे, परंतु गेल्या वर्षी एका एजंटाच्या सांगण्यावरून तिने दुसऱ्या बँकेतही खाते काढले. लाडकी बहीण योजनेचे 1500 रुपये जमा झाल्याचे सांगतात, मात्र जनधनच्या पासबुकात त्याची नोंद नाही. शिवाय मिनी बँकेच्या (गावातील बँक प्रतिनिधीच्या) यंत्रावर तिचा अंगठा जुळत नाही, कारण ऊस तोडून बोटांच्या रेषाच झिजल्या आहेत. काय करावे?

उत्तर 1 (बँक मित्र, गेवराई):
पैसे बहुधा दुसऱ्या खात्यात असतील. शासनाचा थेट लाभ आधार क्रमांकावर पाठवला जातो आणि नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या नोंदीत त्या आधारापुढे जी एक बँक असते, तिच्याकडेच तो वळतो. नवे खाते उघडताना संमतीच्या कागदावर अंगठा दिला, की जुन्या बँकेचे नाव जाऊन नव्या बँकेचे येते. कोणती बँक जोडली आहे, हे आधारच्या संकेतस्थळावर पाहता येते. पैसे काढण्यासाठी त्या बँकेच्या शाखेत जाण्याची गरज नाही. कोणत्याही मिनी बँकेत यंत्रावर त्या बँकेचे नाव निवडता येते. अंगठ्याचाच आग्रह नको, कोणतेही बोट चालते. तरीही जमले नाही, तर आधार केंद्रावर ठसे नव्याने द्यावेत.

उत्तर 2 (परभणी):
एकेक बोट लावून पाहा, हे सांगणे सोपे आहे. माझ्या काकूंना ‘व्यवहार झाला नाही’ असे सांगून पुन्हा बोट लावायला लावले. खात्यातून रक्कम दोनदा गेली, हातात एकदाच आली. म्हणून फसलेल्या व्यवहाराचीही पावती मागावी आणि एरवी आधारचे बायोमेट्रिक (बोटांच्या ठशांवरून होणारी ओळख) बंद करून ठेवावे. फसवणूक झालीच, तर 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर त्याच दिवशी कळवावे.

उत्तर 3 (निवृत्त बँक अधिकारी, लातूर):
पैसे काढण्याची सोय दारापर्यंत आली, हे खरे. कर्जाची मात्र आलेली नाही. जनधन खात्यावर 10,000 रुपयांपर्यंत ओव्हरड्राफ्टची (शिल्लक नसतानाही पैसे उचलण्याची) तरतूद आहे, परंतु बँक त्यासाठी खात्यातील उलाढाल पाहते. ऊसतोड कुटुंबाची खरी कमाई मुकादमाच्या उचलीत (आगाऊ घेतलेल्या रकमेत) वळती होते आणि ती खात्यातून फिरतच नाही, त्यामुळे सहा महिने राबणारे घर बँकेच्या संगणकावर बिनकमाईचे दिसते. ॲप कितीही नवे आणले, तरी हे अंतर मिटणार नाही. आई बचत गटात असतील, तर गटाच्या नोंदींवर बँक कर्ज देते. नाबार्डने 1992 मध्ये सुरू केलेली ही जुनी वाट मला अजूनही अधिक भरवशाची वाटते.

प्रश्नकर्ता:
पैसे दुसऱ्या बँकेतच निघाले. गावातल्या यंत्राने करंगळी स्वीकारली. पावती मागितली, तेव्हा कागदाचा रोल संपल्याचे सांगण्यात आले. मग आईच्या वहीत रक्कम आणि तारीख लिहून यंत्र चालवणाऱ्याची सही घेतली.