डोंबिवलीत घर घेताय तर आधी हे वाचा

एका ताईंनी विचारलंय की डोंबिवलीहून सकाळी सव्वाआठच्या सुमारास मुंबईकडे जाणारी फास्ट लोकल पकडता येते का, तर पकडता येते हो, बसायला मिळणार का ते विचारा! मी हा प्रवास चौदा वर्षं करतोय. पाच नंबर प्लॅटफॉर्मवर गाडी थांबायच्या आत दारातल्यांचे हात दिसतात, चेहरे नाही. म्हणून निम्मी डोंबिवली आधी उलटी कल्याणला जाते आणि तिकडून बसून येते, आम्ही त्याला रिटर्न मारणं म्हणतो. फक्त पास कल्याणपर्यंतचा काढा नाहीतर टीसी धरतो, आणि अर्धा तास लवकर उठायची तयारी ठेवा. फेब्रुवारी २०२२ ला ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाइन सुरू झाली, मेल गाड्या बऱ्याचशा तिकडे गेल्या खऱ्या, पण कल्याण-शीळ रोडला टॉवर उगवतायत ती माणसं शेवटी आमच्याच स्टेशनात येणार ना. बिल्डर सांगतो स्टेशन दहा मिनिटांवर, ते रविवारी पहाटे. एकदा सोमवारी सकाळी आठला साइटवरून रिक्षाने स्टेशनला येऊन बघा, मग टोकन द्या.