एकाच पेशीचा जीव गाईच्या रक्तात एवढा वाढतो कसा?

खानापूरकर
आमच्या एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) गाईला लई ताप चढला, लघवी पण तांबडी व्हायला लागली. डॉक्टरांनी कानाचं रक्त काचेवर घेऊन बघितलं, म्हणाले बाबेसिया हाय, गोचिडातनं आलाय. इंजेक्शननं उतार पडला, आता चारा खातेय, पण डोक्यातनं जाईना की एवढा बारका जीव गाय आडवी करण्याइतका वाढतो कसा. शाळेत अमिबा एकाचे दोन होतो शिकलो, हा पण तसाच काय? मलेरियाचं, थायलेरियाचं (गोचिडातनंच येणारा दुसरा असला जीव) पण तेच का? सांगा की कुणीतरी.

लॅबवाली_बेळगाव
दादा, एकाचे दोन हे बरोबर, पण हा अमिबासारखा मधोमध तुटत नाही. तांबड्या पेशीत शिरतो, तिथं त्याच्या अंगातनं दोन कोंब फुटतात, केंद्रक वाटून दोन्हीकडं जातं आणि मूळचा संपून दोन नवे उरतात. रक्ताच्या काचेला जिमसा नावाचा रंग दिला की एकाच पेशीत नासपतीच्या आकाराची जोडी दिसते, निमुळती टोकं एकमेकांकडं, एकदा बघितली की विसरत नाही. मग पेशी फुटते, ते दुसऱ्या पेशींत शिरतात, आणि सांडलेलं हिमोग्लोबिन किडनीतनं उतरतं म्हणून लघवी तांबडी.

मलेरियात पेशीच्या आत आधी नुसती केंद्रकं वाढत जातात, शेवटी एकदम तुकडे पडतात. व्हायवॅक्स या मलेरियाच्या जातीत ४८ तासांत साधारण १२ ते २४, म्हणून थंडीताप दिवसाआड.

पशुवैद्यक_चिकोडी
थायलेरिया या सगळ्यांत बेरकी. तो आधी पांढऱ्या पेशीत शिरतो आणि तिलाच सारखं विभागायला लावतो. पेशी विभागताना गुणसूत्रं ओढणारे जे धागे असतात त्यांनाच हा चिकटतो, पेशीचे दोन झाले की याचे पण दोन. म्हणून खांद्यापुढची गाठ सुजते. तांबड्या पेशींत नंतर उतरतो. संकरित गाईंना याचा त्रास जास्त. आणि कृपा करून गोचीडताप म्हटलं की मागचंच इंजेक्शन द्या म्हणू नका, बाबेसियाला डिमिनाझिन चालतं, थायलेरियाला बुपारव्हाक्वोन लागतं, काच बघितल्याशिवाय कळत नाही.

खानापूरकर
समजलं डॉक्टर. गाईवरचे गोचीड काढले की संपलं का मग?

पशुवैद्यक_चिकोडी
नाही. मादी रक्त पिऊन खाली पडते, जमिनीत नाहीतर भिंतीच्या फटीत अंडी घालते, आणि बाबेसिया अंड्यातनं पिल्लांत उतरतो. गाईवर औषध मारताना गोठ्याच्या फटी पण बुजवा.