वृद्धाश्रमातली कोजागिरी : गच्चीवर करावी का, दूध किती लागेल, कार्यक्रम काय ठेवावा?

रानजाई

नाशिकजवळच्या एका वृद्धाश्रमाची व्यवस्था पाहते. ३४ निवासी आहेत. ९ जण व्हीलचेअरवर, ३ जण अंथरुणावरच, ५ जणांना स्मृतिभ्रंश, १२ जणांना मधुमेह (त्यातले ४ इन्सुलिनवर). एका आजोबांना ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागतो, दोघांना पार्किन्सन्स आहे. कर्मचारी धरून ४२ माणसं.

यंदा कोजागिरी गच्चीवर करू या असं बऱ्याच जणांचं म्हणणं आहे. लिफ्ट एकच, तीही लहान. शहरातलं एक मंडळ २५ जण आणि ऑर्केस्ट्रा घेऊन रात्री ९ ते १२ कार्यक्रम करायला तयार आहे. मला तीन गोष्टी ठरवायच्या आहेत. वेळ आणि जागा कोणती, मसाला दूध किती आणि कसं, आणि मंडळाला काय सांगायचं. ज्यांनी अशी व्यवस्था केली आहे त्यांनी कृपया तपशिलात सांगा.

चांदणवेल

ताई, आधी वेळ बदला. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारासच उगवतो. ऑक्टोबरात आपल्याकडे सहा-सव्वासहाला सूर्य मावळतो, म्हणजे सात-साडेसातपर्यंत पूर्वेची झाडं-इमारती ओलांडून चंद्र व्यवस्थित वर आलेला असतो. मध्यरात्रीपर्यंत ताटकळायचं काही कारण नाही. पावणेसातला बसवायला सुरुवात, साडेसातला दूध, सव्वाआठला आवराआवर. रात्रीच्या गोळ्या आणि झोप दोन्ही वेळेवर होतात.

गच्ची नको. लहान लिफ्टमध्ये एका वेळी एकच व्हीलचेअर आणि एक मदतनीस मावतो. चढवणं, उतरवणं, वळवणं धरून एका खेपेला तीन-चार मिनिटं, म्हणजे ९ जणांना वर न्यायलाच अर्धा तास. पहिले आलेले तोवर कंटाळतात, आणि खाली जाताना सगळ्यांना एकदमच लघवीची घाई असते. त्यात वीज गेली तर वर अडकलेल्यांना उतरवायचं कसं? अंगण असेल तर अंगणच. पेव्हर ब्लॉक किंवा माती असेल तर व्हीलचेअरच्या वाटेवर प्लायवुडच्या शीट टाका आणि त्यांचे सांधे चिकटपट्टीने बंद करा, पुढची लहान चाकं तिथेच अडकतात. बसवल्यावर दोन्ही ब्रेक लावले का, हे बघण्याचं काम एकाच माणसाकडे द्या.

परतीचा पाऊस किंवा ढग असले तर? पूर्वेकडे खिडक्या असलेला हॉल आधीच रिकामा करून ठेवा. अंथरुणावरच्या तिघांचे पलंग त्या संध्याकाळी पूर्वेच्या खिडकीशी सरकवा. ते जमत नसेल तर खिडकीशी एक जण मोठा आरसा तिरका धरून उभा राहिला की उशीवर पडल्यापडल्या चंद्र दिसतो. हे आवर्जून करा. खोलीत नुसता कप पोचवला तर त्यांच्या वाट्याला फक्त दूध येतं, कोजागिरी येत नाही.

तिरफळ

दुधाचा हिशेब देते. ३० जणांना १२० मिली आणि मधुमेहाच्या १२ जणांना १०० मिली म्हणजे ४.८ लिटर. ६ लिटर गाईचं दूध घेऊन ५ लिटरवर आणा, भांड्याला चिकटणारं त्यात निघून जातं. म्हशीचं दूध रात्री या वयात जड पडतं. दोन पातेल्यांत निम्मं-निम्मं आटवा. एकाच मोठ्या टोपात केलं की वेळ लागतो आणि तळ धरतो. पातेलं आधी पाण्याने विसळून न पुसता दूध ओता, मंद आचेवर ठेवा आणि उलथन्याने तळ खरवडत राहा. एकदा करपलं की वास वेलदोड्यानेही झाकत नाही.

५ लिटरसाठी बदाम १२० ग्रॅम, पिस्ते ६० ग्रॅम, वेलदोडे २० आणि पाव जायफळ. कोरडी पूड करू नका. कितीही बारीक केली तरी कण राहतात आणि ठसका लागतो. बदाम-पिस्ते पाच-सहा तास भिजवून, सोलून, थोड्या दुधात अगदी गुळगुळीत वाटा आणि ते वाटण गाळणीतून दुधात घाला. नंतर सात-आठ मिनिटं उकळू द्या, नाहीतर कच्चट लागतं आणि कपाच्या तळाशी बसतं. केशर वापरणार असाल तर कोमट दुधात खलून घाला, अख्ख्या काड्या घशाला चिकटतात. चारोळी अजिबात नको. ती कवळीखाली जाते आणि माणूस सांगतही नाही, फक्त कप बाजूला ठेवतो.

साखर शेवटी. आधी १.३ लिटर बिनसाखरेचं दूध वेगळ्या पातेल्यात काढून घ्या. उरलेल्यात २०० ग्रॅम साखर पुरे. पळी वेगळी, कपही वेगळ्या रंगाचे. एकसारखे कप असले की अंधारात अदलाबदल होतेच.

नैवेद्याची वाटी चंद्रप्रकाशात ठेवा, बाकी दूध झाकलेलं आणि गरम राहू द्या. उघड्या पातेल्यावर दिव्याचे किडे येतात. कोमट होऊन दोन तास राहिलेलं दूध कुणालाही देऊ नका, पहाटे जुलाब सुरू झाले तर या वयात ते महागात पडतं.

सोबत भेळ-चिवडा नको, कुरमुरे घशात उडतात. मऊ इडली किंवा मूगडाळीचं धिरडं करा, आणि ते दुधाच्या अर्धा तास आधी द्या.

रातपाळी

नर्सिंगच्या बाजूने थोडं.

बिनसाखरेच्या दुधातही दुधाची स्वतःची साखर असते. आटवलेल्या १०० मिलीत ती साधारण ६ ग्रॅम भरते. "साखर नाही ना, मग अजून एक कप" इथेच चूक होते. रोज रात्री दूध घेणाऱ्यांना त्या कपाच्या जागी हा कप द्या, वर नको. गूळ किंवा मध हा पर्याय नाही. इन्सुलिनवरच्या चौघांचं जेवण ठरल्या वेळी, नेहमीइतकंच. दुधासाठी पोट रिकामं ठेवलं की रक्तातली साखर उतरते. कोणी कोजागिरीचा उपास करणार आहे का, हे दोन दिवस आधी विचारा आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी मधुमेहाची गोळी) घेणाऱ्यांबाबत डॉक्टरांशी बोलल्याशिवाय होकार देऊ नका. कार्यक्रमात ग्लुकोमीटर आणि ग्लुकोज पावडर हाताशी हवी. साखर ७० च्या खाली दिसली आणि माणूस नीट शुद्धीवर असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा.

पार्किन्सन्सच्या दोघांची लेव्होडोपाची गोळी दुधाबरोबर देऊ नका, दुधातल्या प्रथिनांमुळे ती नीट शोषली जात नाही. दुधाच्या किमान अर्धा तास आधी द्या. मूत्रपिंडाच्या रुग्णांना दूध आणि सुकामेवा किती चालेल हे डॉक्टरांना विचारून ठेवा. गिळताना त्रास होतो म्हणून ज्यांना पाणी दाट करून दिलं जातं त्यांचं मसाला दूधही तितकंच दाट करावं लागतं, नुसतं आटवलेलं दूध त्यांच्यासाठी पातळच असतं. ताठ बसवून चमच्याने द्या, आणि त्यानंतर अर्धा तास आडवं करू नका.

ऑक्सिजनवाल्या आजोबांपासून निरांजन, उदबत्ती, पणती किमान तीन मीटर दूर. त्यांना ओवाळायचं असेल तर सेलवरचा दिवा.

रानजाई

खूप उपयोग झाला, वेळ आणि जागा बदलते. ओवाळण्यावरून एक अडचण आहे. कोजागिरीला पहिल्या अपत्याला ओवाळतात. काहींची मुलं वर्षानुवर्षं आलेली नाहीत. तो भाग गाळावा का? आणि मंडळाला काय सांगू?

ओसरी

गाळू नका, फिरवा. तुमच्या ३४ जणांत आईवडिलांचं पहिलं अपत्य कोण-कोण आहे ते आधी गप्पांमध्ये विचारून घ्या आणि त्यांनाच ओवाळा. बाकीच्यांपैकी ज्यांचे हात स्थिर आहेत त्यांनी ओवाळायचं. आपण कितवे, पाठीवर कोण, आईने कसं ओवाळलं होतं, हे बोलणं आपोआप निघतं. कुंकू लावायचं की नाही हे प्रत्येकीला एकटीला विचारा, सगळ्यांसमोर नाही. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तरी ऐंशी वर्षांच्या आजींना चारचौघींत कपाळ पुढे करणं जड जाऊ शकतं. कुणी नको म्हटलं तर फूल द्या.

ऑर्केस्ट्राला नम्रपणे नकार द्या. श्रवणयंत्र मोठ्या आवाजात सगळंच वाढवतं, बोलणं कळत नाही, मग माणूस यंत्र काढून ठेवतो आणि एकटा पडतो. पेटी, टाळ आणि एक लहान स्पीकर पुरे, तोही बसलेल्यांच्या कानाच्या उंचीवर. खुर्च्या अर्धवर्तुळात, दोन रांगांहून जास्त नको. गाणाऱ्याचे ओठ दिसले की अर्धं कळतं.

खानदेश-विदर्भातल्या कुणी आजी असतील तर भुलाबाईची गाणी घ्या, ती कोजागिरीलाच संपतात. इतरांना भोंडल्याची येतात. नावं विसरलेल्यांनाही ही गाणी पुष्कळदा सबंध आठवतात, सुरुवात मात्र त्यांच्या पट्टीत, खालच्या स्वरात करा. शेवटी खिरापत ओळखायचा खेळ. डबा हलवून आवाज ऐकवायचा, वास द्यायचा. दिसत नसलं तरी खेळता येतं, हे त्याचं मोठेपण.

मंडळाला सांगा, ८-१० जण या, पावणेसातलाच या, खाऊ आणू नका, भाषण नको, सर्दी-ताप असेल तर येऊ नका. लेखी संमतीशिवाय फोटो नाहीत. प्रत्येकाने एका खुर्चीशेजारी बसायचं, आधी स्वतःचं नाव सांगायचं. "ओळखलं का?" हा प्रश्न कुणीच विचारायचा नाही.

रातपाळी

स्मृतिभ्रंशाच्या पाच जणांबद्दल राहिलं. संध्याकाळी त्यांची घालमेल वाढू शकते. त्यांना बाहेर पडायच्या वाटेजवळ, रोजच्या मदतनिसाबरोबर बसवा आणि २०-२५ मिनिटांनी आत नेण्याची तयारी ठेवा. चंद्र दिसावा म्हणून सगळे दिवे घालवू नका, फरशीवरची गडद सावली त्यांना खड्ड्यासारखी वाटते. कडेचे दोन दिवे खाली वळवून चालू ठेवा. कार्यक्रमाआधी सव्वासहाला आणि दुधानंतर नऊला, अशा दोन वेळा सगळ्यांना स्वच्छतागृहात नेऊन आणा, रात्रीची पडझड त्याने बरीच टळते.